पिल्लाची आई

"आई बघितल्याशिवाय आम्ही पिल्लू घेणार नाही," बायकोने ठणकावून सांगितलं. विकणाऱ्याने लगेच विंचरलेली, गुबगुबीत कुत्री आणली. "ही बघा. दोन भारी जातींचा संकर, म्हणून पिल्लं अशी कुरळी."

पिल्लू तिच्याकडे ढुंकूनही न बघता बाथरूमच्या बंद दाराशी गेलं आणि कुंई कुंई करू लागलं. आतून कुणीतरी दार खरवडलं.

"आत कोण आहे?" नवऱ्याने विचारलं.

"आहे एक आजारी कुत्री. तुम्ही पिल्लाचं बोला."

दोघांना काय ते कळलं. पण पिल्लू फारच गोड होतं.

आता घरी कुणीही बाथरूममध्ये गेलं, की ते दाराशी बसून रडतं. "किती लळा लागलाय हो याला तुमचा," पाहुणे कौतुकाने म्हणतात. तेव्हा नवरा-बायको एकमेकांकडे बघत नाहीत.