न झिजलेला ठोकळा

मोरेश्वर नाखव्याची बोट किनाऱ्यावर ओढली, तेव्हा तिच्या बुडाचा जस्ताचा ठोकळा नवाकोरा निघाला. इतरांचे ठोकळे खाऱ्या पाण्यानं पार खाल्ले होते.

"नारळी पौर्णिमेला मी त्यालाही रंग फासला होता," नाखवा बंदरभर सांगत सुटला.

"अहो, बोटीच्या पंख्याला गंज लागू नये म्हणून ठोकळ्यानं झिजायचं असतं," बायको म्हणाली.

"घरचा माल मी झिजू देईन होय?"

बोट पुन्हा समुद्रात गेली. इकडे ठोकळा नवाकोरा राखल्याबद्दल मच्छीमार सोसायटीनं नाखव्याचा सत्कार ठेवला. खांद्यावर शाल पडते न पडते तोच बोटीचा तांडेल धापा टाकत आला.

"नाखवा, बोट दोरीनं ओढत आणली. पंखा गंजून गळून पडला."



"आणि ठोकळा?" नाखव्यानं विचारलं.

"तो आहे जागेवर."

नाखव्यानं शाल सावरली आणि माईक पुढ्यात ओढला. "ऐकलंत ना, मंडळी?"