एका पत्त्यावर दोन नोंदी

बाबा दारात उभे होते. काखेत त्यांची जुनी फाइल होती.

नोंदणी कार्यालयाच्या बाकावर ती सकाळपासून बसली होती. एकल मालकीच्या धंद्याचा अर्ज, फोटो, ओळखपत्र, सगळं तिने पंधरा दिवस गुपचूप जमवलं होतं. घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. आणि माती खाल्ली ती एका रकान्यात. फोन नंबर विचारला होता तिथे तिने सवयीने बाबांच्या दुकानाचा नंबर लिहून टाकला. चौदा वर्षं प्रत्येक पावतीवर तोच लिहिलेला, हात आपोआप तिकडे वळला. पत्त्याची खात्री करायला कार्यालयाने काल त्या नंबरवर फोन केला आणि तो नेमका बाबांनी उचलला. हे तिला आज सकाळी इथे आल्यावर कळलं.

बाबा बाइंडर होते. वकिलांचे खटले, दवाखान्यांची रजिस्टरं, शाळांचे दाखले, चाळीस वर्षांत गावातले किती कागद त्यांच्या सुईखालून गेले याची गणती नाही. दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव होतं आणि पुढे ‘आणि चिरंजीव’. चिरंजीव म्हणजे तिचा भाऊ. त्या पठ्ठ्याने जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता. नऊ वर्षांपूर्वी परदेशी गेला तो गेलाच. फोनवर मात्र ‘आपलं दुकान काय म्हणतंय?’ असं न चुकता विचारायचा. पाटीवर आपलंही नाव घालावं असं तिने तीन वर्षांपूर्वी एकदाच सुचवलं होतं. “आहे ती पाटी ठीक आहे,” बाबा म्हणाले आणि विषय तिथेच मिटला.

त्यांची शिकवायची रीतही अशीच, मुकी. शिवण सैल दिसली की ते कात्रीने दोरा कापायचे आणि सुटे कागद तिच्यापुढे ठेवायचे. सुरुवातीला एकेक पुस्तक तिने तीन-तीनदा शिवलं होतं, रडत रडत. गेल्या कित्येक वर्षांत कात्री चालवायची वेळ आली नव्हती. पण ‘बरं झालंय’ एवढं म्हणायलाही त्यांची जीभ रेटली नव्हती. हे तिला कात्रीपेक्षा जास्त लागायचं. म्हणून तिने ठरवलं, दुकानामागच्या रिकाम्या खोलीत आपल्या एकटीच्या नावाने बसायचं. नोंदणी हातात पडली की मग सांगायचं.

“काका, कालचा फोन तुम्हीच घेतलात ना? बसा.” कारकूनबाईंनी खुर्ची पुढे केली. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, “ताई, तुमचा अर्ज अडलाय. या पत्त्यावर याच कामाची नोंद आधीच आहे, यांच्या नावाने. एका पत्त्यावर एकाच कामाच्या दोन नोंदी आम्हाला करता येत नाहीत. दुसरी जागा दाखवा, नाहीतर अर्ज मागे घ्या.”

दुसरी जागा ती कुठून आणणार होती? भाड्याच्या नावाने तिच्याकडे खडखडाट होता. तिचा चेहरा उतरला.

“बाबा, मी सांगणारच होते.”

“अर्ज दाखव,” बाबा म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला. प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत ते वाचू लागले. ‘धंद्याचे नाव’ या रकान्यापाशी बोट थांबलं. तिथे तिचं नाव होतं. पुढे ‘पुस्तक बांधणी’, बस, एवढंच. आता हे फाडणार, तिच्या मनात आलं. बाबांनी चारही पानं टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या आणि अर्ज बाईंपुढे ठेवला. मग स्वतःची फाइल उघडली.

“नोंद बंद करायचा कागद असतो ना तुमच्याकडे?”

बाई चपापल्या. “काका, चाळीस वर्षांची नोंद आहे ही. एकदा बंद केली की पुन्हा उघडत नाही.”

“ठाऊक आहे.”

“बाबा, नको!” ती ताडकन उठली. आजूबाजूची माणसं वळून पाहू लागली. “मी बघते दुसरीकडे जागा. थांबते वर्षभर. पण हे नको.” तिला स्वतःचं नाव हवं होतं, पण त्यासाठी त्यांचं पुसायला ती धजत नव्हती. डोळे भरून आले, आणि ते लपवायला तिच्याकडे पदरही नव्हता की रुमालही.

“तू गप्प बस,” बाबा म्हणाले. हेही नेहमीचंच.

बाई एकेक रकाना वाचत गेल्या आणि बाबा उत्तरं देत गेले. सुरू केल्याची तारीख. पत्ता. आजपासून बंद. त्यांचा आवाज एकदाच, स्वतःचं नाव सांगताना, घोगरा झाला. त्यांनी खाकरून ते पुन्हा सांगितलं.

“बंद करण्याचं कारण?” बाईंनी विचारलं. “तोटा लिहू?”

“तोटा नाही झाला कधी.”

“मग वय झालं म्हणून?”

“हात चालतात अजून माझे,” बाबा जरा तडकूनच म्हणाले. “लिहा, नोकरी धरतोय.”

बाईंनी मान वर केली. “या वयात? कुणाकडे?”

बाबांनी टेबलावरच्या तिच्या अर्जाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“हिच्याकडे,” ते म्हणाले. “ठेवून घेतलं तर.”