पायांवर पाळत

सरांचं डोकं ड्रायव्हर सीटखाली होतं आणि पाय पार्किंगमध्ये बाहेर आले होते. पट्टी लावून ते एक इवलासा कॅमेरा चिकटवत होते. बायको पर्स घेऊन त्यांच्या बुटांशेजारी उभी होती. डाव्या बुटाला नाडीऐवजी पुरवण्या बांधायचा पांढरा दोरा होता. तुटते एक आणि दुकानदार देतो दोन, ही त्या लोकांची मिलीभगत आहे, असं सरांचं म्हणणं.

"अहो, जरा वर लावा ना. चोराचं तोंड तरी दिसेल."

"तोंडाला काय, कुणीही साळसूद करतं," सर आतून म्हणाले. "सव्वीस वर्षं परीक्षेत कॉप्या पकडतोय. चिठ्ठी कायम मोज्यात सापडते."

आणि तोंड पेडलांकडे करूनच त्यांनी कॅमेरा बसवला. नंतर विसरायला नको म्हणून तिथेच चालूही करून टाकला. मग दोघं गाडीत बसून सर्व्हिस सेंटरला निघाले.

ऑटोमॅटिक गाडी. घेऊन चार वर्षं झालेली आणि हा तिसरा गिअरबॉक्स. पहिला गेला तेव्हा सरांना कंपनीचा संशय आला. दुसरा गेला तेव्हा सर्व्हिस सेंटरचा. तिसरा आचके द्यायला लागला, तोवर संशय घ्यायला नवीन कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. अशाच पोळलेल्या गाडीवाल्यांचा एक ग्रुप होता, 'आमचे गिअर, आमचा घात' नावाचा. सर त्याचे अध्यक्ष.

गाडीवरही त्यांचा भरवसा नव्हताच. "ब्रेक सोडला की ही आपली आपण पुढे सरकते," ते वाटेत बायकोला म्हणाले. "मी न सांगता! असल्या गाडीला मोकळं सोडून चालत नाही."

गाडीने चढावर दोन आचके दिले. बायकोने वरची कडी धरली.

सर्व्हिस सेंटरमध्ये हेड मेकॅनिकने गिअरबॉक्समधल्या तेलाचा थेंब बोटावर घेतला आणि हुंगला. त्याने तोंड वाकडं केलं.

"करपलंय, सर. कोणीतरी ब्रेक दाबून ठेवून वरून एक्सिलरेटर देतंय. आत सगळं भाजून निघतं."

"कोणीतरी!" सरांनी बायकोकडे बघून भुवई उडवली. "ऐकलंस? स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. ट्रायलच्या नावाखाली यांची माणसं आपली गाडी पिदडतात."

मॅनेजर मध्ये पडला. वॉरंटी अजून चार दिवस आहे, म्हणाला. गिअरबॉक्स फुकट बदलून मिळेल, पण चालवणाऱ्याची चूक निघता कामा नये.

"निघणारच नाही," सर म्हणाले. "उद्या बघा काय निघतं ते."

गाडी तिथेच सोडून दोघं रिक्षाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन सरांनी सीटखालून कॅमेरा काढला आणि तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये नेला. हेड मेकॅनिकलाही बोलावून घेतलं. "तुम्ही हवेतच," असं म्हणाले. बायको कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

पडद्यावर चित्र आलं. आवाज नव्हता. सीटखालच्या अंधारात फक्त पेडल आणि दोन नाडीचे बूट. उजवा बूट एक्सिलरेटरवर. डावा ब्रेकवर. उजवा दाबत होता, तेव्हा डावाही दाबत होता. एक मिनिट झालं, दोन झाली. डावा काही उठेना.

सर खुर्चीतून उडालेच. "हा बघा! दोन्ही पाय! एक पाय गाडी पळवतोय आणि दुसरा तिचा गळा धरून बसलाय! अरे, गाडी आहे की शिवणयंत्र?"

हेड मेकॅनिक पुढे झुकला. "तेच म्हणत होतो मी. असं चालवलं तर रणगाड्याचाही गिअरबॉक्स टिकायचा नाही."

"अहो, ऐका ना..." बायको म्हणाली.

"तू थांब. आत्ता कुठे हे तावडीत सापडलेत."

मॅनेजरच्या कपाळावर घाम आला होता. सरांनी त्याला लेटरहेड काढायला लावलं आणि वर्गात उभं राहून सांगावं तसा मजकूर सांगितला. "या चित्रातले पाय ज्याचे, त्यानेच तिन्ही गिअरबॉक्स जाळले. नवीन गिअरबॉक्सचा खर्च तोच करेल. कोणतीही सबब चालणार नाही." शेवटच्या वाक्याखाली त्यांनी रेघ मारून घेतली. मॅनेजरने सही केली, शिक्का मारला. सरांनीही साक्षीदार म्हणून झोकात सही ठोकली आणि कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला. मिनिटभरात चाळीस अंगठे आले. एकाने लिहिलं, 'अध्यक्ष, त्या पायांना सोडू नका.'

"आता सगळ्यांना बाहेर उभं करा," सर म्हणाले. "ओळीत."

आठही मेकॅनिक भिंतीला पाठ लावून उभे राहिले. सर गुडघ्यांवर बसून एकेक पाय तपासत सरकले. आठही जणांचे बूट सारखे, जाड, काळे आणि बिननाडीचे.

"इथे नाडीचे बूट चालत नाहीत, सर," हेड मेकॅनिक म्हणाला. "मशीनमध्ये अडकतात."

"मग व्हिडिओतला तो नाडीवाला कोण?" सर केबिनकडे बघून ओरडले. "बाहेरून माणूस आणता की काय गाड्या जाळायला?"

बायको काचेपलीकडून कॉम्प्युटरशी काहीतरी करत होती. तिने चित्र थांबवलं होतं आणि मोठं केलं होतं. सगळा पडदा एका डाव्या बुटाने भरला होता. त्याच्यावर पांढऱ्या दोऱ्याची छान सुरगाठ होती.

तिने केबिनचं दार उघडलं.

"अहो," ती म्हणाली, "उठा आणि ओळीत उभे राहा."