सरकारी भाव

निवृत्त पोस्टमास्तरांचा महागाई भत्ता यंदा वाढलाच नाही. घरी बायको रक्तदाबाची गोळी अर्धी मोडून घेत होती, म्हणून ते पेन्शन कचेरीत भांडायला गेले.

"बाजारात भावच वाढले नाहीत, तर भत्ता कसा वाढणार?" कारकून म्हणाला.

ते तणतणत भाजीवाल्याकडे आले. वही घेतलेल्या एका बाईंना तो टोमॅटोचा भाव चाळीस सांगत होता. त्या लिहून घेऊन पुढे गेल्या.

"मला दे एक किलो."

"ऐंशी होतील, काका."

"अरे, आत्ता त्यांना चाळीस म्हणालास ना?"

"त्या महागाई मोजणाऱ्या कचेरीतल्या. सरकारी माणसाला जास्त सांगून नसती चौकशी कोण ओढवून घेणार?"

 

तराजूत टोमॅटो टाकत तो म्हणाला, "आणि त्या नुसता भाव नेतात, काका. तुम्ही टोमॅटो नेणार."