धोंडूच्या दोरीवरची हिरवी साडी

"माझो हात जाळा अर्धाच ओढता काय?" धोंडूनं भर किनाऱ्यावर विचारलं.

रापणीचं जाळं नुकतंच वाळूवर आलं होतं. सगळ्या वाडीनं मिळून दोर ओढायचे आणि मासळीचे वाटे घालायचे, ही इथली रीत. लग्न झालेल्याला पुरा वाटा, सड्याला अर्धा. धोंडूचे कानशिलाचे केस पिकले तरी त्याच्यापुढे अर्धाच पडायचा. रापणीच्या बैठकीतही तोच न्याय. संसारी पुरुष चटईवर बसत आणि बोलत. सडे वाळूत उभे राहून ऐकत. ठरावाला हात वर करायचा तोही चटईवरच्यांनी.

"एकट्याक काय लागता रे?" रापणीचा म्होरक्या, तांडेल गंगाराम हसला. "पेज नि सुकट! संसार मांड, पुरो वाटो घे."

गंगाराम रीतीला धरून चालणारा माणूस. स्वतः दीड वाटा उचलायचा, पण तोही रीतीनंच. ज्याच्या चुलीवर बिनलग्नाची बहीण जेवते, त्याला तिच्यापोटी अर्धा जास्त मिळे. बायको वारल्यापासून त्याचं घर बहीण नर्मदेच्याच हाती होतं. नर्मदा बाजारात मासे विकून त्यालाच पोसते असंही लोक म्हणत, पण लोकांच्या तोंडाला काय हात लावायचा! तिला स्थळं आली नव्हती असं नाही. गंगारामला एकही तिच्या तोलाचं वाटलं नाही. भावाचा जीव तो.

"मांडलंय संसार," धोंडू म्हणाला.

"काय?"

"लगीन झाला माझा. कुडाळाक. आता पुरो वाटो घाला."

किनाऱ्यावर एकच गलका झाला. कोणाची गो? खंयची? दिसता कशी? धोंडूनं तोंडात विडा कोंबला. "बैठकीक येतली. तेव्हा बघा."

गंगारामचं डोकं भडकलं. वाट्यासाठी हा बायकोची थाप मारतो म्हणजे काय? त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, "बायल उभी केलंस तर पुरो वाटो, चटईवर जागा, नि माझ्या हातान तिका नारळ. नाय केलंस तर रापणीतून भायर!"

धोंडूला ना होडी, ना जमीन. रापण सुटली तर या वयात मुंबईला जाऊन कुणाच्या तरी दुकानात राखण करायची, एवढंच उरलं असतं. तरीही तो म्हणाला, "कबूल."

मग वाडीला दुसरा उद्योग राहिला नाही. शेजारच्या सत्यवतीनं कुंपणावरून सांगितलं की धोंडूच्या दोरीवर हिरवी साडी वाळते आहे. शिवाय दुपारी बांगड्याच्या तिखल्याचा वास आला, तोही तिरफळं घातलेल्या. "एकट्या पुरुषाक तिरफळां सुचतत काय, सांगा!" कुणी म्हणालं, बायको गोव्याची, म्हणून लाजते. कुणी म्हणालं, फोंडाघाटची विधवा आहे. कुणी म्हणालं, साडी त्याच्या आईची, जुन्या ट्रंकेतली.

गंगारामला चैन पडेना. नर्मदा कुडाळाकडे पिंगुळीला मावशीचे गुडघे बघायला गेली होती, ती नुकतीच परतली होती. त्यानं तिलाच कामाला लावलं.

"बाय, तू म्हावऱ्याची पाटी घेवन त्येच्याकडे जा. बायल आसा काय बघ."

"माका कित्या पाठवतंस? लोक काय म्हणतीत?"

"लोक गेले खड्ड्यात. मी सांगतंय ना!"

नर्मदा गेली ती बऱ्याच वेळानं आली. गंगाराम दारातच उभा होता.

"साडी आसा खरी," पाटी उतरवत ती म्हणाली. "पण घरात मी नि धोंडू, तिसरा माणूस नाय. माळ्यार, न्हाणयेत, सगळीकडे बघलंय."

"बघ! मेलो खोटारडो!" गंगारामनं मांडीवर थाप मारली. त्यानं तिला पुढे रोज पाठवलं. ती रोज गेली आणि रोज तेच सांगत आली. गंगाराम खुशीत जेवला. ताटात तिखलं होतं, झणझणीत. त्यानं दोनदा मागून घेतलं.

बैठकीच्या दिवशी जाळी ठेवायच्या मांगरात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी न फिरकणाऱ्या बायकाही दाराशी दाटल्या होत्या. धोंडू धुतलेला सदरा घालून वाळूत उभा होता, एकटाच. चटईवर गंगारामच्या पुढ्यात नारळ होता. नर्मदा नेहमीसारखी चहा वाटत होती.

"काय रे धोंडू, खंय आसा तुझी बायल?"

"येतली."

"कधी? आमचे केस पिकल्यार?" मांगर हसला. सत्यवती टाचा उंचावून रस्त्याकडे बघत राहिली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

धोंडूचा चेहरा घामानं भिजला. गंगारामला क्षणभर त्याची दया आली, पण रीत ती रीत. तो उठून उभा राहिला. "सगळे साक्षी आसात. मी दिलेलो शब्द मोडूचंय नाय. बायल इली तर नारळ, नाय इली तर भायर. बरोबर मां?"

"बरोबर!" चटईवरचे सगळे ओरडले.

"मगे, बोलाय तिका. शेवटचा सांगतंय."

धोंडूनं हाक मारली नाही. त्यानं नुसतं चहाच्या किटलीकडे बघितलं.

नर्मदेनं किटली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि वाळूत धोंडूच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "नारळ हंय दी. नि माझ्या नावान उचलतंस तो अर्धो वाटो आजपासून आमच्या चुलीक घाल."