आजीने घेतलेलं पाठांतर

इथे परदेशातल्या शाळेत जुन्या इंग्रजी नाटकाची परीक्षा पुस्तक न बघता द्यायची, म्हणून त्यातली वाक्यं तोंडपाठ लागतात. "आजी, तू मॅट्रिक ना? मिस्टेक झाली की सांग हं," म्हणत नातीने, ऋजुताने, पुस्तक माझ्या हाती दिलं. महिनाभर मी ऐटीत पानं उलटत "बरोबर, पुढे!" म्हणत राहिले. माझी शाळा चौथीतच सुटली, इंग्रजी अक्षरही ओळखता येत नाही, हे सांगायला सुनेला घडीघडी टोचणारी माझी जीभ काही रेटली नाही.

मॉक परीक्षेत निम्मी वाक्यं चुकली. सून ऋजुतावर कडाडली, "रोज पाठ करत होतीस ना? मग म्हणून कुणाला दाखवत होतीस?"

मी मान खाली घालून मेथी निवडत राहिले.



ऋजुता म्हणाली, "कोणालाच नाही, मम्मी."