गाडीचं दावं

“मालकाच्या हातूनच किल्ली घेणार,” असं म्हणून खंडेरावांनी पोर्चच्या पायरीवर बसकणच मारली.

उज्वलानं घाईघाईनं मागं जिन्याकडं पाहिलं. सह्या झाल्या होत्या, पैसे खात्यात आले होते. आता ती काळी, लांबलचक परदेशी गाडी गंगापूर रोडच्या बंगल्यातून गुपचूप बाहेर पडायची, एवढंच राहिलं होतं. आणि हे निफाडचे बागाईतदार नेमके आत्ता अडून बसले.

“काका, गाडी माझ्याच नावावर आहे. मी देते ना किल्ली.”

“नावाचं सोडा, ताई. चालवायचं कोण?”

“हे चालवायचे. माझे मिस्टर.”

“मग झालं तर! ज्यानं चारलं, त्यानंच दावं सोडायचं. आमच्यात बैल घेतला तरी असंच. मालकाच्या मागं सोडून आणलेलं जनावर दारात टिकत नाय. ह्याच गाडीतून आमच्या रोहितला नवरदेव म्हणून न्यायचाय. उगाच मनात पाल चुकचुकायला नको.”

मागं उभा असलेला रोहित ओशाळून हसला. “तात्या, गाडी हाय ती. बैल नाय.”

“तू गप रे. शिंगं नाय म्हणून काय झालं?”

गारपिटीला न हललेला द्राक्षवाला. उज्वलाच्या विनवण्यांनी तो काय हलणार! शेवटी तिनं आवाज खाली आणून खरं काय ते सांगून टाकलं.

वरच्या खोलीत शेखर होता. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यानं त्याची उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. ही बाजू आता परत यायची नाही, असं डॉक्टरांनी उज्वलाला बाहेर बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. ते ती नवऱ्याला काय सांगणार, कपाळ? तिनं सांगितलं, दिवाळीपर्यंत स्टिअरिंग धराल. दिवाळी गेली, मग म्हणाली, गुढीपाडव्यापर्यंत.

गाडीवर भारी जीव त्याचा. सातपूरच्या कारखान्यातून कितीही दमून आला तरी आधी हिच्यावरून फडकं फिरवणार, मग चहा. म्हणून उज्वला रोज पहाटे, नाशिकच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीतसुद्धा, शाल गुंडाळून खाली उतरायची. गाडी सुरू करायची. वरच्या खिडकीपर्यंत आवाज जावा म्हणून ॲक्सिलरेटर जरा जास्तच दाबायची. मग वर जाऊन म्हणायची, “ऐकलंत ना? वाट बघतेय तुमची.” शेखर डाव्या हाताचा अंगठा उंच करायचा. त्या एका अंगठ्यावर तिचा दिवस निघायचा.

पण नुसत्या अंगठ्यावर घर चालत नाही. कारखान्याला कुलूप लागलं होतं आणि गाडी विकण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं. सकाळी तिनं शेखरला सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला चाललीय.

“विकली असं कळलं तर खचतील हो ते.” उज्वलाच्या डोळ्यांत पाणी आलं. “काका, पाया पडते तुमच्या. घेऊन जा.”

खंडेराव उठले. तिला वाटलं, सुटले बाई एकदाची. पण ते चपला काढून थेट जिन्याकडं निघाले.

“चोरून नेल्यासारखं नाय जमायचं, ताई. मी बोलतो सायबांशी.”

“काका, नको!” ती मागं धावली. रोहितनं बापाचा हात धरला, तो त्यांनी झटकला.

शेखर खिडकीशी खुर्चीत बसला होता. खंडेरावांनी टोपी सारखी केली, हात जोडले.

“सायेब, निफाडहून आलोय. तुमची गाडी आम्ही इकत घेतली. तुम्ही राजीखुशीनं सोडा, मग नेतो.”

झालं! दोन वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं ह्या माणसानं एका दमात मातीत घातलं. उज्वलाला त्याचा भयंकर राग आला. शेखरकडं बघायची तर हिंमतच होईना.

शेखरनं डावा हात तिच्यापुढं धरला. तिनं गुमान किल्ली दिली. खंडेरावांकडं वळताना मात्र तो अडखळला. डाव्या हातानं द्यायची कशी?

“असू द्या, सायेब. जनावराला डावा-उजवा कळत नाय.” खंडेरावांनी ओंजळ पुढं केली. किल्ली कपाळाला लावली. मग तिचं चामडी कीचेन सोडवून शेखरच्या मांडीवर ठेवलं. “जनावर गेलं तरी दावं मालकाचं. दावं घरात असलं की त्याला दुसरं येतं.”

बापलेक खाली गेले. गाडी सुरू झाली. रोजचाच तो आवाज. फाटकातून बाहेर पडला, कोपऱ्यावर बारीक झाला आणि रस्त्यावरच्या गोंगाटात मिसळून गेला.

“अहो, दुसरी घेऊ ना आपण,” उज्वला घाईघाईनं म्हणाली. “तुम्ही हिंडायफिरायला लागलात की लगेच. पाडव्याला...”

शेखरनं मान हलवली. कीचेन उचलून तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटवली. त्याची जीभ आधी नुसतीच वळवळली. मग एकेक शब्द आला.

“डॉक्टर... मलाही... बोलले होते. अंगठा... तुझ्यासाठी दाखवायचो.” त्यानं दम घेतला. “उद्यापासून... पहाटे... उठू नकोस.”